मुलांच्या बॅचमध्ये बसल्याने मुलींचे गणिताचे मार्क खरंच कमी होतात का?

मुलगी अकरावीत, जेईईच्या बॅचमध्ये ४० पैकी ५ मुली, आणि असा काही प्रयोग झाल्याचं वाचल्यापासून फक्त मुलींची बॅच शोधावी का, असा तुमचा प्रश्न आहे. तेवढ्यासाठी बॅच बदलू नका, असं मी म्हणेन. मी लातूरला चौदा वर्षं अकरावी-बारावीचं गणित शिकवतेय, आणि त्याआधी डिप्लोमाला मेकॅनिकलच्या वर्गात एकटी मुलगी होते. त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

तुम्ही वाचलेला प्रयोग बहुधा २००० सालचा, मायकेल इन्झलिक्ट आणि तालिया बेन-झीव यांचा. अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या मुलींना तिघातिघांच्या गटात गणिताचा अवघड पेपर दिला. तिघीही मुली असतील तर साधारण ७० टक्के उत्तरं बरोबर. सोबत दोन मुलं असतील तर ५५. एकच मुलगा असेल तर आकडा मधे कुठेतरी. भाषेच्या पेपरात मात्र असा फरक पडला नाही. कारण असं मांडलं गेलं की ‘मुलींना गणित जमत नाही’ हा समज अशा वेळी डोक्यात घोंघावतो आणि अर्धं लक्ष तिथेच जातं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला लेथसमोर उभी असलेली मीच दिसले. मुलाचा जॉब, म्हणजे यंत्रावर घडवायचा तुकडा, बिघडला की फक्त जॉब बिघडलेला असायचा. माझा बिघडला की ‘पोरींचं काम नाही हे’. पटायला वेळ लागलाच नाही.

पण पटणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं. २०१८ मध्ये नेदरलँड्समध्ये दोन हजारांहून जास्त शाळकरी मुलामुलींवर, पद्धत आधीच जाहीर करून, या समजाच्या परिणामाची चाचणी घेतली. मुलींचे मार्क घसरले नाहीत. (तो प्रयोग गटातल्या संख्येचा नव्हता, हेही खरं.) छोट्या गटांवरचे जुने निष्कर्ष फुगलेले असावेत अशी शंका आधीपासून होतीच. खुद्द इन्झलिक्ट यांनीही पुढे यावरचा विश्वास उडाल्याचं उघडपणे लिहिलं. स्वतःचं नाव झालेल्या कामाबद्दल असं लिहायला जिगर लागते.

मला वर्गात जे दिसतं ते वेगळंच आहे. गेल्या वर्षीची एक मुलगी. मॉक टेस्टमध्ये गणिताचे २० एमसीक्यू, त्यातले ९ कोरे. सोडवलेल्या ११ पैकी १० बरोबर, म्हणजे ३९ मार्क. तिच्याच बेंचमागच्या मुलाने वीसच्या वीस ठोकले, ७ चुकले, तरी ४५. मी तिची रफ वही मागितली. कोऱ्या ठेवलेल्या ९ पैकी ४ गणितं तिथे पूर्ण सुटलेली, बरोबर उत्तराला चौकटही केलेली. “मग मार्क का नाही केलंस?” “खात्री नव्हती मॅडम.” १६ मार्क त्या वहीत पडून होते.

जेईई मेनमध्ये बरोबरला ४, चुकीला वजा १. चारपैकी दोन पर्याय कटले की उरलेल्यातला कुठलाही टिक केला तरी सरासरी दीड मार्काचा फायदाच. हे गणित मुलींना येतं, पण हात धजत नाही. चिलीमध्ये विद्यापीठ प्रवेशपरीक्षेत चुकीच्या उत्तराचे मार्क कापणं २०१५ पासून बंद केलं, तेव्हा प्रश्न सोडून देण्यातला मुलामुलींमधला फरक बराचसा मिटला. पोरी त्याच वयाच्या, त्याच देशातल्या; बदलला तो नियम. आपल्या सीईटीलाही निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे तिथले तिचे मार्क जेईईच्या मॉकशेजारी ठेवून बघा.

५ विरुद्ध ३५ याने काहीच होत नाही असं मात्र नाही. ते डाउट विचारताना दिसतं. तास संपला की टेबलाभोवती मुलांचं कोंडाळं होतं, मुली मागे वही छातीशी धरून उभ्या राहतात आणि रिक्षावाले काका हॉर्न वाजवतात म्हणून निघून जातात. मी आता पहिली दहा मिनिटं त्यांच्यासाठीच ठेवते. तुमच्या क्लासमध्ये तशी सोय नसेल आणि मागूनही मिळत नसेल, तर बॅच बदलायचा विचार जरूर करा.

आणि पुढच्या मॉकनंतर ‘किती पडले?’ विचारण्याआधी ‘कोरे किती सोडलेस?’ विचारा. रफ वहीही बघायला मागा, ती टाकून द्यायच्या आत.