गाणे सोडून नाटकाकडे वळणाऱ्या मुलीस

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

गाणे बाजूला ठेवून नाटकाकडे वळायचे तू ठरवले आहेस, पण गाण्यात घातलेली वर्षे वाया गेली ही खंत तुझ्या पत्रात ओळीओळीतून जाणवते. म्हणून आज तुला ग्रीसच्या कातिना पाक्सिनू या अभिनेत्रीविषयी लिहिते. तिचे आयुष्य नीट समजून घेतलेस, तर गळ्यावर केलेली मेहनत रंगभूमीवर कुठे कामी येते हे तुझे तुलाच उमगेल.

कातिनाचा जन्म १९०० साली अथेन्सजवळच्या पिरेअस या बंदराच्या गावी झाला. ती जिनिव्हाला ऑपेरा शिकली आणि पुढे वाद्यवृंद-संचालक म्हणून जगभर गाजलेले दिमित्री मित्रोपूलोस यांनी रचलेल्या ऑपेरात १९२० साली तिने प्रमुख भूमिका गायली. गद्य नाटकात तिने पाऊल ठेवले ते तिशीच्या उंबरठ्यावर, मारिका कोतोपूली या त्या काळच्या मातब्बर अभिनेत्रीच्या कंपनीत. म्हणजे तू आज ज्या वयात उशीर झाला म्हणून हळहळते आहेस, त्या वयात ती अजून गायिकाच होती. १९३२ साली अथेन्सचे राष्ट्रीय नाट्यगृह नव्याने सुरू झाले, तेव्हा पहिल्या नटसंचात तिला स्थान मिळाले आणि तिथेच तिची खरी घडण झाली.

१९३८ साली दिमित्रिस रोंदिरिस यांच्या दिग्दर्शनाखाली तिने ग्रीसमधल्याच एपिदाव्रोसच्या प्राचीन नाट्यगृहात सोफोक्लीज या प्राचीन ग्रीक नाटककाराची इलेक्ट्रा उभी केली. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातले, डोंगरउतारावर दगडी पायऱ्या रचलेले, सुमारे चौदा हजार माणसे सामावणारे ते खुले नाट्यगृह शतकानुशतके मुके पडले होते, आणि आधुनिक काळात तिथे पहिल्यांदा नाटक झाले ते हेच. रोंदिरिस यांचा सगळा भर वाणीच्या लयीवर होता. इलेक्ट्रा हातात कलश घेऊन विलाप करते तो प्रवेश घे. त्यात आपल्या भावाची राख आहे असे ती समजते; प्रत्यक्षात भाऊ वेष पालटून समोरच उभा आहे आणि कलश त्यानेच तिच्या हाती दिला आहे. लहानपणी तुला मी वाढवले ते सारे व्यर्थ गेले, असे म्हणत म्हणत ती शेवटी, मलाही या कलशात तुझ्याजवळ घे, अशी विनवणी करते. हे स्वगत लांबलचक आहे. पहिल्याच ओळीला रडू फुटले, तर त्या विनवणीपर्यंत नटीजवळ आवाज उरत नाही. दम कुठे घ्यायचा, स्वर कुठे दाबून ठेवायचा आणि कुठे मोकळा सोडायचा, हा हिशेब गाणाऱ्या बाईच्या अंगात मुरलेला असतो. तुझ्याही अंगात तो आहे.

पुढे दुसऱ्या महायुद्धामुळे तिला मायदेशी परतणे अशक्य झाले आणि लंडनहून ती अमेरिकेत गेली. हेमिंग्वेच्या कादंबरीवरील चित्रपटात तिने पिलार ही करारी स्पॅनिश स्त्री साकारली आणि त्यासाठी तिला सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. ते तिने अथेन्सच्या नाट्यगृहातील हयात असलेल्या आणि नसलेल्या सहकाऱ्यांच्या वतीने स्वीकारले. त्या वेळी ग्रीस जर्मनांच्या ताब्यात होता. चित्रपटाविषयी मी एवढेच लिहिते, कारण बहुतेक लोक तिला केवळ ऑस्करच्या त्या बाहुलीमुळे ओळखतात आणि मला ते मनापासून खटकते.

१९५०च्या सुमारास ती ग्रीसला परतली. १९५५ साली एपिदाव्रोसचा महोत्सव रीतसर सुरू झाला तो 'हेक्युबा' या प्राचीन ग्रीक नाटकातल्या तिच्या भूमिकेने, आणि दिग्दर्शक होते तिचे पती अलेक्सिस मिनोतिस. १९६७ साली लष्कराने सत्ता बळकावल्यावर या दोघांनी राष्ट्रीय नाट्यगृह सोडून स्वतःची नाटक मंडळी चालवली. सत्तरीच्या आसपास तिने जर्मन नाटककार ब्रेख्तची मदर करेज केली, युद्धावर पोट भरणारी आणि त्याच युद्धात मुले गमावणारी बाई, आणि तेही लष्करी राजवटीच्या डोळ्यांदेखत. फेब्रुवारी १९७३ मध्ये कर्करोगाने ती गेली. ती राजवट कोसळलेली पाहणे तिच्या नशिबी नव्हते.

तेव्हा मुली, सकाळचा रियाज मुळीच मोडू नकोस. खर्ज लावून झाला की तानपुरा खाली ठेव आणि त्या कलशाच्या प्रवेशाचे एखादे चांगले मराठी भाषांतर हाती घेऊन मोठ्याने वाच. आरंभीचे काही दिवस अभिनय बिलकूल करू नकोस. फक्त श्वासाच्या जागांवर पेन्सिलीने खुणा कर. खुणा केलेली ती पाने मला पाठव, म्हणजे पुढच्या पत्रात त्यांवर सविस्तर लिहीन.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझी,
बाई