स्फोटाच्या दाबाखालचं कंपोझिट कवच : आधी शिकायचं काय?

प्रश्न : मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कंपोझिटच्या (धागे आणि रेझिन यांच्या थरांनी बनलेल्या साहित्याच्या) वक्र कवचावर स्फोटाचा काय परिणाम होतो, यावर प्रोजेक्ट करायचा म्हणते. ॲबॅकस (Abaqus) या सिम्युलेशन सॉफ्टवेअरचा क्लास लावावा का? पुढे नोकरी मिळेल का?
– एक पालक, सांगली

उत्तर : क्लासची फी तूर्त राहू द्या. आधी तिचं कंपनशास्त्र आणि लॅमिनेट थिअरी (थरांच्या साहित्याचं गणित) पक्की होऊ दे.

हवेतल्या स्फोटाचा दाब क्षणात शिखर गाठतो आणि काही मिलिसेकंदांत ओसरतो. कवचाचा आवर्तनकाळ (एका कंपनाला लागणारा वेळ) त्याहून बराच मोठा असेल, तर शिखरदाबापेक्षा आवेग (दाब आणि तो टिकण्याचा वेळ यांचा एकत्रित परिणाम) निर्णायक ठरतो. तिला एक गणित करायला सांगा : १० मीटरवर ८ किलो टीएनटी आणि २० मीटरवर ६४ किलो. अंतराला वजनाच्या घनमुळाने भागलं की दोन्हीकडे ५ येतात. म्हणजे शिखरदाब सारखाच, पण दुसऱ्या स्फोटात दाब दुप्पट वेळ टिकतो आणि आवेगही दुप्पट होतो.

प्रोजेक्ट फसतो तो बहुधा दोन जागी. मुलं मुक्त लाटेचा (कशावरही न आदळलेल्या स्फोटलाटेचा) दाब थेट कवचावर लावतात. लाट समोरून आदळली की प्रत्यक्ष दाब निदान दुप्पट असतो, जवळच्या स्फोटात कितीतरी पट. दुसरी जागा म्हणजे थर सुटणं. धागे भक्कम, पण दोन थरांना धरून ठेवतं ते नुसतं रेझिन, म्हणजे चिकटवणारं प्लास्टिक. कवच वाकलं की थर तिथेच सुटतात आणि वरून पुष्कळदा काहीच दिसत नाही. सगळ्या जाडीला मिळून एकच शेल एलिमेंट (मॉडेलमधला पातळ पत्र्यासारखा तुकडा) दिलं तर मॉडेलमध्येही ते दिसणार नाही. थरांमध्ये कोहेसिव्ह एलिमेंट (थरांमधली चिकट सुटणं दाखवणारे तुकडे) घालावे लागतात, १ मिमी किंवा त्याहून बारीक. मग टाइम स्टेप (गणिताचा एकेक वेळ-टप्पा) ०.२ मायक्रोसेकंदाच्या आसपास येते. १० मिलिसेकंदांच्या रनला ५०,००० स्टेप्स!

म्हणून अख्खा घुमट नकोच. आधी ॲल्युमिनियमची सपाट प्लेट घेऊन तिची वारंवारता सूत्राशी जुळवावी. मग तिला वक्रता द्यावी, थर सर्वांत शेवटी. थरांतले धागे ०/९० अंशांत असतील तर सममितीमुळे पाव पॅनेलवर भागतं, ±४५ अंशांत घेतले तर ती सममिती टिकत नाही आणि पूर्ण पॅनेलच घ्यावं लागतं.

नोकरीचं म्हणाल तर डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या आर अँड डीई, एआरडीई आणि एचईएमआरएल या प्रयोगशाळा पुण्यातच आहेत. सायंटिस्ट ‘बी’च्या निवडीत गेट या इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा स्कोअर लागतो, तेव्हा गेटची तयारी याच वर्षी सुरू करावी. वाहन कंपन्यांच्या क्रॅश सिम्युलेशनमध्येही हीच बारीक टाइम स्टेप्सनी पुढे सरकणारी एक्स्प्लिसिट पद्धत चालते, त्यामुळे संरक्षण क्षेत्रात जमलं नाही तरी शिकलेलं वाया जाणार नाही.