‘प्रिय येलेना सेर्गेयेवना’ या सोव्हिएत सिनेमातली मुलं शेवटी किल्ली नेत नाहीत. मग दिग्दर्शक त्यांना माफ करतो का?

नाही करत, असं माझं मत आहे. तुम्ही विचारलंय की चार विद्यार्थी रात्रभर बाईंना छळतात आणि ज्या किल्लीसाठी एवढं रामायण घडलं ती हातात आल्यावर तशीच सोडून जातात, तर हा त्यांचा पश्चात्ताप समजायचा का. याचं उत्तर द्यायचं तर शेवट सांगावाच लागेल. ज्यांना सिनेमा आधी पाहायचाय त्यांनी इथेच थांबावं.

एल्दार रियाझानोव्ह यांनी हा सिनेमा 1988 साली मॉसफिल्म या मॉस्कोच्या सरकारी स्टुडिओसाठी केला. रशियात हा माणूस घराघरात माहीत होता तो विनोदी सिनेमांसाठी. आणि त्यानेच एका फ्लॅटमध्ये, पाच माणसांत घडणारी ही अंगावर येणारी गोष्ट निवडली. गणिताच्या बाई येलेना सेर्गेयेवना एकट्या असतात, आई दवाखान्यात. वाढदिवसाच्या संध्याकाळी शेवटच्या वर्गातली चार मुलं फुलं घेऊन दारात उभी राहतात. मारीना नेयोलोवाने ही बाई अशी उभी केलीय की सुरुवातीची तिची लगबग बघवत नाही. आपली मुलं आपल्याला आठवणीने भेटायला आली, या आनंदाने ती नुसती उजळून निघते. मुलांना हवी असते तिजोरीची किल्ली. गणिताचे पेपर शाळेच्या तिजोरीत आहेत, ते बदलायचेत.

व्हित्याला नापास व्हायची भीती आहे. पाशाला विद्यापीठात साहित्य शिकायला जायचंय, तिथे गणिताचे मार्क आड येणार. पाशाची मैत्रीण ल्याल्या, तिला गरिबीचा तिटकारा आलाय. या तिघांचं कारण निदान समजतं तरी. व्होलोद्याला मात्र काहीच नकोय. बाप मोठ्या पदावर, पुढची वाट आधीच मोकळी झालेली. मित्रांना मदत करतोय असं तो म्हणतो, पण त्याला बघायचंय ते एवढंच की तत्त्वनिष्ठ माणूस नेमका कुठे मोडतो. आणि तो सुरुवात धमकीने करत नाही. तुमच्या आईसाठी चांगल्या डॉक्टरांची व्यवस्था माझे वडील करतील, असं अगदी अदबीने सांगतो. बाई नाही म्हणतात तेव्हा तो त्यांना अँटिगनीची, म्हणजे तत्त्वासाठी राजाज्ञा मोडून मरण पत्करणाऱ्या ग्रीक नाटकातल्या नायिकेची, उपमा देतो. हा तत्त्वांचा हट्ट म्हणजे तुमची एक विकृतीच आहे, हे त्याला त्यांच्या तोंडावर सिद्ध करायचं असतं. मारहाणीच्या प्रसंगांपेक्षा मला हा भाग जास्त भयंकर वाटतो. मुलगा हुशार आहे, वाचलेला आहे, त्याला चूक-बरोबर सगळं कळतं. फक्त ते उत्तरपत्रिकेत लिहायचं असतं, जगताना त्याचा काही उपयोग नाही, अशी त्याची खात्री झालीय.

ही खात्री त्याला कुणी दिली? इथे तो काळ बघावा लागतो. ल्युदमीला राझुमोव्हस्काया यांचं मूळ नाटक 1980च्या सुमाराचं. 1983मध्ये त्यावर बंदी आली आणि गोर्बाचेव्ह यांच्या मोकळिकीच्या काळात ते पुन्हा रंगमंचावर आलं. वशिल्याशिवाय चांगला डॉक्टर नाही, चांगला बूट नाही, कॉलेजात जागा नाही, हे प्रत्येक घरात पोरं लहानपणापासून बघत होती. शाळेत भिंतीवर मात्र वेगळंच लिहिलेलं. सिनेमा आला त्याच 1988 साली सोव्हिएत शाळांमधली इतिहासाची अंतिम परीक्षा रद्द करावी लागली, कारण पाठ्यपुस्तकांत जे छापलंय ते खरं नाही हे सरकारलाच मान्य करावं लागलं. सतरा वर्षांच्या पोराने मग नेमका कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा? ही मुलं बाईंना जे ऐकवतात, ते त्यांनी घरी जेवणाच्या टेबलावर ऐकलेलंच आहे.

पण म्हणून ती निर्दोष ठरत नाहीत, आणि यासाठी पाशाकडे नीट बघा. दस्तयेव्हस्कीचा अभ्यास करणारा मुलगा हा. बाई काहीच ऐकत नाहीत म्हटल्यावर व्होलोद्या ल्याल्यावर हात टाकतो. मुलीची अब्रू वाचवायला तरी बाई किल्ली देतील, हा त्याचा हिशेब. त्या वेळी आपल्या मैत्रिणीसाठी पाशा उभा राहत नाही. बाई किल्ली देऊन टाकतात. जिने तोपर्यंत सगळं सोसलं, ती दुसऱ्याच्या लेकरासाठी हरते. माझ्या लेखी ती तिथे अजिबात मोडलेली नाही; चौघांपैकी कुणालाही न जमलेली गोष्ट तिने केली.

आता किल्लीबद्दल. नंतर मुलं ती नेत नाहीत हे खरं, पण तोवर तिला अर्थच उरलेला नसतो. त्यांना लाज वाटली असेल, भीती वाटली असेल. रियाझानोव्ह ते ठरवून देत नाहीत. बाई बाथरूममध्ये कडी लावून बसल्यात आणि दाराबाहेरून ल्याल्या हाका मारतेय, किल्ली आम्ही नेली नाही म्हणून सांगतेय. आतून उत्तर येत नाही. माफी द्यायची तर ती त्या दाराआडच्या बाईने द्यायची. दिग्दर्शकाने तिच्या वतीने ती परस्पर देऊन टाकलेली नाही, याबद्दल मला त्याचा फार आदर वाटतो.

मी स्वतः ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. निकालाच्या आधी ‘मॅडम, चार मार्कांचं बघा ना, पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे’ म्हणत येणारे पालक मुलाला सोबत घेऊनच येतात. तो शेजारी खाली मान घालून उभा असतो आणि सगळं ऐकत असतो. तुम्ही सिनेमा दुसऱ्यांदा बघणार असाल तर या चौघांच्या तोंडून त्यांचे आईबाप किती वेळा बोलतात, तेवढं ऐका. पडद्यावर ते एकदाही येत नाहीत.