सॉकेट सुटतोय म्हणून लगेच सगळा पाइप बदलू नका

भाऊ, तुम्ही विचारलंत: 900 मीटर लाइन, 110 मिमीचा 4 किलोचा (म्हणजे चौरस सेंटीमीटरला 4 किलो दाब सोसणारा) पीव्हीसी, विहिरीपासून वरच्या तुकड्यापर्यंत 22 मीटर चढ, आठ-दहा दिवसाला कुठंतरी सॉकेट (पाइपात पाइप बसतो तो सांधा) सुटतोय आणि दुकानदार म्हणतोय सगळा 6 किलोचा घाला. आमच्या लाइनचं दुखणं अगदी हेच होतं, म्हणून सविस्तर लिहितो. तुमची लाइन डोळ्यांनी पाहिलेली नाही, एवढं धरून वाचा.

आधी हिशेब. सेकंदाला 8 लिटर पाणी धरलं तर 110 मध्ये 100 मीटरला साधारण 0.85 मीटर उंचीइतका दाब घर्षणात जातो, 900 मीटरला साडेसात. चढ धरून 30 मीटर, म्हणजे 3 किलो. चालू मोटरीला 4 किलोचा पाइप पुरतो. (खर्च वाचवायला 90 मिमी घालू नका. तेवढ्याच पाण्याला घर्षण अडीचपटीच्या वर जातं.) पण लाइट अचानक गेली की धावतं पाणी थांबून उलटं येतं आणि एनआरव्हीवर (पाणी मागं येऊ न देणारा वॉल्व्ह) आदळतं. सेकंदाला 1 मीटर वेग असेल तर पीव्हीसीत त्या धक्क्याचे 3-4 किलो वर चढतात. म्हणून विहिरीकडचे पहिले 250-300 मीटर 6 किलोचे करा, वरचं राहू द्या.

फुटलेला तुकडा फेकू नका, कारण तोच सांगतो. पाइप लांबीत उभा चिरला असेल तर दाब किंवा कोंडलेली हवा. तळाला एका बिंदूतून तडे फुटले असतील तर खाली दगड. बेंडपाशी सुटत असेल तर तिथं काँक्रीटचा ठोकळा नाही: 4 किलोला 110 च्या काटकोनी बेंडवर पाचशे किलोच्या वर जोर येतो. सॉकेट स्वच्छ निघून आला असेल तर सोल्युशन (सांधा चिकटवायचा डिंक) ओल्या किंवा मातकट पाइपला लावलंय, नाहीतर पाइप आखडलाय.

हे आखडणं कुणी मनावर घेत नाही. उन्हाळ्यात भर दुपारी तापलेला पाइप ताणून सरळ टाकला आणि आत विहिरीचं थंड पाणी आलं, तर 20 अंशांच्या फरकाला 100 मीटरमागे 12-14 सेंटीमीटर आकसतो. पाइप चरात किंचित नागमोडी ठेवायचा आणि माती सकाळी लोटायची.

आता आम्हाला सगळ्यात महाग पडलेली गोष्ट. ठेकेदार फुटावर पैसे घेतो, म्हणून सकाळी जोडलेली लाइन संध्याकाळी जेसीबीनं बुजवून मोकळा होतो. दगडगोट्यांसकट काळी माती थेट पाइपवर, चाचणी शून्य. मग 150 सांध्यांतला कुठला गळतोय ते उभ्या पिकात खणून शोधत बसा. माझं स्पष्ट मत: चाचणी झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊच नका. चाचणीआधी एवढंच बुजवा: खाली 10 सेंटीमीटर चाळलेला मुरूम, पाइपच्या मधल्या भागावर फूटभर मुरूम आणि सांधे उघडे. शेवटचा सांधा जोडल्यावर 24 तास थांबा. मग गेट वॉल्व्ह थोडासाच उघडून लाइन हळूहळू भरा, वरून हवा पूर्ण निघाल्यावर टोकाचा वॉल्व्ह सावकाश बंद करा आणि गेजवर (दाब दाखवणारं घड्याळ) नजर ठेवून तासभर दाब धरा. गेज विहिरीकडं, सगळ्यात खाली लावा. मोटरीचा बंद-वॉल्व्ह दाब पाइपच्या किलोपेक्षा जास्त असेल तर टोक पूर्ण आवळू नका. सांधे कोरडे दिसले की मगच बुजवा, वर निदान तीन फूट माती येईल इतकं.

प्रत्येक उंचवट्यावर 1 इंची एअर वॉल्व्ह (अडकलेली हवा बाहेर सोडणारा) हवाच. ऑटोस्विच (लाइट आली की मोटर आपोआप चालू करणारा) असेल तर लाइट आल्या आल्या मोटर रिकाम्या लाइनीत पूर्ण जोरानं पाणी ढकलते आणि हवा कोंडते. ऑटोस्विचला मोटर उशिरा चालू करणारा टायमर लावा, एनआरव्ही गळतोय का तेही बघा. आणि दुरुस्तीत जाळावर पाइप तापवून सॉकेट करू नका, भिंत पातळ होते. कपलर (दोन पाइप जोडायचा तयार तुकडा) आणा.

शेजारी आता पुन्हा खणू देत नाही म्हणालात. बसून मिटलं तर स्टँपपेपरवर लिहून घ्या. नाहीच ऐकलं तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 49 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. त्यात पाइप जमिनीखाली निदान अर्धा मीटर हवा, आणि त्या पाण्यावर तुमचा हक्क आहे हे दाखवावं लागतं. विहिरीची नोंद सातबाऱ्यावर आहे का ते आधी बघा. मी वकील नाही, अर्ज जाणत्याकडून तपासून घ्या.