छप्पर बसकं दिसतं, पण माप बरोबर येतं!

कार आणि मोटरसायकलच्या मॉडेल किटबद्दल तुम्ही पाठवलेल्या प्रश्नांतले काही या वेळी घेतले आहेत. माझी नोकरी प्लॅस्टिकच्या पार्टचे साचे, म्हणजे डाय, बनवणाऱ्या टूलरूममध्ये झाली. त्यामुळे किट हातात आलं की मी आधी पार्टिंग लाइन, म्हणजे साच्याचे दोन भाग मिळतात ती रेघ, शोधतो आणि मग खोक्यावरचं चित्र बघतो. उत्तरं त्याच नजरेतून आलेली आहेत.

प्रश्न : १:२४ मधल्या (खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढ्या) एका जुन्या सेदानची बॉडी खऱ्या गाडीच्या फोटोशेजारी धरली, तर छप्पर बसकं आणि बॉनेट लांब वाटतं. व्हर्नियरने मोजलं तर लांबी, रुंदी, व्हीलबेस सगळं जवळपास बरोबर येतं. खांब कापून छप्पर उचलू का?

करवत खाली ठेवा आणि फोन मागे घ्या. फ्रेम भरावी म्हणून आपण मॉडेलचा फोटो अगदी जवळून काढतो. १:२४ मध्ये १५ सेंमी म्हणजे खऱ्या गाडीपासून ३.६ मीटर. एवढ्या अंतरावरून खऱ्या गाडीचा फोटो काढलात तरी जवळचं बॉनेट फुगेल आणि मागचं छप्पर आक्रसेल. तुलनेला घेतलेला फोटो बहुतेक वेळा आठ-दहा मीटरवरून घेतलेला असतो. म्हणून फोन ४० सेंमीवर न्या, तिथून झूम करा आणि लेन्स टेबलापासून साडेसहा सेंमीच्या आसपास ठेवा. गाडीशेजारी उभ्या माणसाचे डोळे या प्रमाणात तिथेच येतात. एरवी आपण टेबलावरच्या मॉडेलकडे वरून पाहतो. डोळे मॉडेलच्या ३० सेंमी वर असतील, तर खऱ्या हिशेबात ते ७.२ मीटर वर झाले, म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत. तिथून कुठलीही सेदान बसकीच दिसते.

तरीही खटकत असेल, तर चाकांकडे वळा. छप्पर चुकलंय असं वाटतं तेव्हा पुष्कळदा चूक चाकांत सापडते. टायरच्या बाजूवरचा आकडाच तुम्हाला माप सांगतो. २०५/५५ आर१६ घ्या : रुंदी २०५ मिमी, टायरची उंची तिच्या ५५ टक्के म्हणजे ११२.७५ मिमी, ती दोन्ही बाजूंना, अधिक १६ इंचांचे ४०६.४ मिमी. एकूण व्यास जवळपास ६३२ मिमी, भागिले २४, म्हणजे २६.३ मिमी. किटमधला टायर २४ मिमीचा निघाला तर खऱ्या गाडीच्या हिशेबात तो साडेपाच सेंमी छोटा आहे. अशा चाकांवर बॉडी जड आणि छप्पर दबलेलं वाटणारच. शिवाय गाडी किती उंच उभी आहे तेही पाहा. मॉडेलमधला एक मिमी म्हणजे २४ मिमी. हौशी लोक खऱ्या गाडीच्या स्प्रिंग बदलून तिला साधारण तेवढंच खाली आणतात आणि तिचं रूप पालटतं. चाकं मडगार्डच्या दीड मिमी आत गेली असतील तर आसावर पातळ वॉशर घालून बाहेर आणा. हे संध्याकाळभराचं काम आहे. छप्पर उचलायचं म्हणजे सगळ्या काचा नव्याने बनवाव्या लागतील.

किटमध्ये अशी तफावत राहते, त्यामागे कारणं असतात. जुन्या किटमध्ये मोटर आणि बॅटरी बसवायची सोय असे, मग चासी त्यांच्या मापाने होई. रणगाड्यांच्या किटमधलं प्रसिद्ध १:३५ हे प्रमाण असंच आलं : तामिया कंपनीने पँथर रणगाडा बनवला तेव्हा आत बॅटऱ्या मावतील एवढा तो ठेवला, आणि नंतर हिशेब केला तर प्रमाण १:३५ च्या जवळ आलं. याच कंपनीच्या शुन्साकु तामियांनी १:१२ च्या पोर्शे ९३४ साठी एक पोर्शे ९११ विकत घेऊन ती सुटी करून पाहिली. ते किट १९७६ चं. त्या किटमध्येही मोटर होती, पण मापं घेताना त्यांनी कसूर ठेवली नाही, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

दुसरं कारण आमच्या धंद्यातलं. साच्यातून पार्ट सुटायचा तर त्याच्या उभ्या बाजूंना थोडा उतार द्यावा लागतो, त्याला ड्राफ्ट म्हणतात. दारांच्या खाली आत वळणारा पत्रा म्हणजे अंडरकट. तो काढायला डायला स्लाइड, म्हणजे बाजूला सरकणारा भाग, लागतो. जिथे स्लाइड दिलेली नसते तिथे ते वळण सपाट होतं. जाडीचंही तसंच. खऱ्या गाडीचा पत्रा ०.८ मिमी असतो, म्हणजे १:२४ मध्ये ०.०३ मिमी. इतकं पातळ प्लॅस्टिक ओतता येत नाही, किटची बॉडी एक मिमीहून जाडच येते. चाकाच्या कमानीची आणि काचेच्या चौकटीची कड आतून तासून पातळ करा, बाहेरच्या बाजूला हात लावू नका. माझ्या मते सगळ्या दुरुस्त्यांत ही सर्वांत जास्त फळ देणारी दुरुस्ती आहे.

एवढं झाल्यावर बाजूने काढलेल्या फोटोत टायरचा व्यास आणि दारतळापासून छपरापर्यंतची उंची यांचं गुणोत्तर मोजा आणि बरोबर केलेल्या टायरसह मॉडेलशी ताडून पाहा. फरक अर्ध्या मिमीच्या आत आला तर रंगाला लागा.

प्रश्न : १:२४ आणि १:२५ ची मॉडेल एकाच शेल्फवर ठेवली तर चालतात का?

साडेचार मीटरची गाडी १:२४ मध्ये १८७.५ मिमी होते आणि १:२५ मध्ये १८० मिमी. एकाच गाडीची दोन मॉडेल शेजारी ठेवलीत तर साडेसात मिमी डोळ्यांत भरतील. वेगवेगळ्या गाड्या असतील तर कुणाला कळणारही नाही. पार्टची अदलाबदल मात्र जपून करा : सीट, स्टिअरिंग, आरसे चालून जातात, इंजिन आणि चाकं खटकतात. १:२५ हे प्रमाण अमेरिकन किटमध्ये रुळलं, कारण तिथे मोटार विक्रेत्यांकडे ठेवायच्या प्रोमो मॉडेलचं प्रमाण तेच होतं. एएमटी या अमेरिकन कंपनीने १९५८ मध्ये काढलेली वार्षिक किट त्याच डायवर आधारलेली होती.

प्रश्न : १:१२ ची जुनी मोटरसायकल जोडतो आहे. स्पोक काठ्यांसारखे जाड आहेत, चेन म्हणजे नुसती पट्टी आणि केबलसाठी दिलेली नळी फारच ठसठशीत. कुठून सुरुवात करू?

केबलपासून. कष्ट थोडे आणि फरक सर्वांत मोठा.

खऱ्या क्लच केबलचा बाहेरचा व्यास पाच-सहा मिमी असतो, म्हणजे तुमच्यासाठी ०.४ ते ०.५ मिमी. किटमध्ये एक मिमीची नळी असेल तर ती खऱ्यात १२ मिमी होते, बागेतल्या पाइपाएवढी. ०.५ मिमीची मऊ शिशाची तार वापरा. वाकवली की ती तशीच राहते, प्लॅस्टिकच्या नळीसारखी परत उसळत नाही. ब्रेकचा होज थोडा जाड घ्या, ०.६ मिमी चालेल. लावताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. खऱ्या गाडीवर केबलला ढील असते ती त्या वळण्यासाठी. ताणलेली केबल दिसली की जाणकाराला लगेच कळतं. पुष्कळ फोर-स्ट्रोक गाड्यांना थ्रॉटलच्या दोन केबल असतात, एक ओढायला आणि एक परत आणायला. किट बऱ्याचदा एकच देतं, तेव्हा आधी फोटो पाहा.

आता स्पोक. खऱ्या मोटरसायकलचा स्पोक साधारण साडेतीन ते चार मिमी, म्हणजे १:१२ मध्ये ०.३ मिमीच्या आसपास. किटमधले ०.७ मिमी असू शकतात. पहिल्या गाडीला ते कापू नका. आधी सगळे काळे रंगवा, मग फक्त समोरून दिसणाऱ्या पाठीवर स्टीलचा रंग ओढा. बाजू काळ्या राहिल्यामुळे डोळ्याला ते अर्धेच दिसतात. फोटो-एच केलेले, म्हणजे पातळ पत्र्यातून रसायनाने कोरलेले धातूचे स्पोक मिळतात, पण ते पट्टीसारखे चपटे असतात. समोरून छान दिसतात आणि तिरकं पाहिलं की नाहीसे होतात. मला ते आवडत नाहीत. मन लावून करायचंच असेल, तर किटची रिम आणि हब ठेवून ०.३ मिमीच्या स्टीलच्या तारेने चाक विणा. त्याआधी रिम आणि हब एका मध्यावर पक्के धरणारा जिग बनवा, नाहीतर चाक डोलतं. ३६ स्पोकच्या चाकात हबच्या प्रत्येक बाजूला १८ येतात, त्यांतले नऊ पुढे झुकतात आणि नऊ मागे. ती फुली नीट आली नाही तर कितीही बारीक तार वापरा, चाक खोटंच दिसेल.

चेनचा पिच, म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, ५२०, ५२५ आणि ५३० या तिन्ही मापांत १५.८७५ मिमी असतो, म्हणजे १:१२ मध्ये १.३ मिमी. सुटी कडी जोडायची चेन मिळते, पण चेनगार्डने झाकलेली असेल तर किटच्या पट्टीवर काळा वॉश (खूप पातळ केलेला रंग) देऊन कड्यांच्या कडा उजळा, तेवढं पुरतं. याउलट ब्रेकची डिस्क उघडी असते. खऱ्यात ती पाच मिमीच्या आसपास, मॉडेलमध्ये ०.४ मिमी हवी. एक मिमीची आली असेल तर मागच्या बाजूने घासा.

पॉलिश पेपर हातात घेण्याआधी मात्र थांबा. टाकी डाव्या-उजव्या दोन भागांत येते, तिच्या मधला जोड बेमालूम बुजायलाच हवा. पण काही सायलेन्सरवर खरोखरच वेल्डिंगची शिवण असते. ती घासून टाकलीत तर गाडीची एक खरी खूण पुसली जाते.

याहून मोठ्या आकाराचं मॉडेल करायचं असेल तर १:९ ची प्रोटार किट जरूर पाहा. ती काढणारे तारक्विनियो प्रोविनी स्वतः १९५७ मध्ये १२५ सीसीचे आणि १९५८ मध्ये २५० सीसीचे जगज्जेते होते. १९६६ च्या आयल ऑफ मॅन टीटीमधल्या अपघाताने त्यांचं शर्यतीतलं आयुष्य संपलं. प्रोटार हे नाव त्यांच्याच नावातून आलेलं. साच्यांचं वय कळतं, जोड जुळवायला घासाघीस करावी लागते, तरी गाडी कशी बांधलेली असते हे त्या माणसाला ठाऊक होतं, ते पार्टगणिक दिसतं.

प्रश्न : बरेच दिवस ठेवलेल्या मॉडेलचे टायर काढले, तर खालची रिम विरघळल्यासारखी झाली होती. हे कशाने?

मऊ व्हिनाइलच्या टायरमधला प्लॅस्टिसायझर (टायर मऊ ठेवणारं रसायन) हळूहळू बाहेर झिरपतो आणि रिमच्या पॉलिस्टायरिन प्लॅस्टिकला मऊ करतो. रिमवर टायर बसतो त्या जागी पातळ ॲल्युमिनियम फॉइल चिकटवा. टायर स्प्रूला (पार्ट जिला जोडलेले येतात त्या प्लॅस्टिकच्या चौकटीला) लागून एकाच पिशवीत आले असतील तर किट आणल्या दिवशीच वेगळे करा.

प्रश्न : मी आठवीत आहे. पहिलं किट कारचं घेऊ की मोटरसायकलचं? आणि त्यातलं सगळं क्रोम तसंच ठेवायचं का?

कारचं घे, १:२४ चं, इंजिन नसलेलं आणि अलीकडच्या डायचं. मोटरसायकलमध्ये काहीच झाकलेलं नसतं, प्रत्येक जोड समोर येतो. कारमध्ये बॉडी चांगली झाली की बाकी सगळं तुला सांभाळून घेतं. स्प्रू साबणाच्या पाण्याने धू, वाळव, आणि सगळ्यात आधी बॉडी रंगव. चासी करेपर्यंत तिला नीट सुकायला वेळ मिळतो. लाल प्लॅस्टिकवर पांढरा रंग देणार असशील तर आधी सिल्व्हरचा कोट दे, नाहीतर लाल झिरपून पांढरा गुलाबी होतो. स्प्रे कधीही बंद खोलीत मारू नकोस, मास्क लाव आणि घरातल्या मोठ्यांना सोबत घे.

क्रोमचं तू बरोबर हेरलंस. क्रोमवर गोंद धरत नाही, चिकटवायची जागा खरवडून घ्यावी लागते. आणि खऱ्या गाडीत सगळं तितकं चकाकत नाही : बंपर क्रोमचा असेल, पण रिम कदाचित ॲल्युमिनियमची. न शोभणारं क्रोम घरातल्या ब्लीचमध्ये ठेवलं की निघून जातं. हातमोजे घाल, आणि ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नकोस.

प्रश्न : मॅक्लारेन एमपी४/४ या फॉर्म्युला वन गाडीचं १:२० किट करतो आहे. संग्रहालयातले फोटो आणि १९८८ च्या शर्यतींतले फोटो जुळत नाहीत. कुणावर विश्वास ठेवू?

शर्यतीतल्या फोटोंवर, आणि त्यातही एकाच शर्यतीच्या. एमपी४/४ ने त्या हंगामातल्या १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या, पण ती सोळाही ठिकाणी सारखी नव्हती. सर्किटप्रमाणे पंख बदलतात, थंडाव्याची तोंडं बदलतात. तंबाखूच्या जाहिरातींवर जिथे बंदी होती तिथे लिखाणही बदलायचं. संग्रहालयातली गाडी पुढे डागडुजी झालेली असते, टायर नंतरचे असतात. तिचा उपयोग आतल्या गोष्टींसाठी करा : नळ्या कुठून जातात, सीटचे पट्टे कुठे अडकतात. बाहेरचं सगळं शर्यतीच्या फोटोंवरून ठरवा.

म्हणून आधी ड्रायव्हर आणि शर्यत ठरवा, सेना की प्रॉस्ट, कुठली ग्रां प्री. मग त्या आठवड्याअखेरचे जमतील तेवढे फोटो गोळा करा. सरावाचे आणि शर्यतीचे वेगळे ठेवा, कारण सरावातला पंख शर्यतीत असेलच असं नाही.

रंग साधा लाल घेऊ नका. मूळ रंग फ्लुरोसंट होता. फ्लुरोसंट रंग स्वतः झाकत नाही, खाली स्वच्छ पांढरा बेस लागतोच, आणि राखाडी प्रायमरवर थेट मारलात तर मळकट होतो. उन्हात तो उडतो, तेव्हा वर यूव्ही रोखणारा क्लिअर (पारदर्शक लेप) द्या आणि मॉडेल खिडकीपासून लांब ठेवा. क्लिअर पातळ मारा. ०.१ मिमीचा थर १:२० मध्ये दोन मिमी जाड होतो आणि पॅनेलच्या रेघा बुजून जातात. डीकल (चिकटवायची अक्षरं-चिन्हं) बसवण्याआधी त्या रेघा सुईने हलक्या हाताने पुन्हा मोकळ्या करून घ्या.