पीतपिंड: पित्त नव्हे, पिवळा

लालबागच्या एका ताईंनी विचारलंय: "भाचीच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'कॉर्पस ल्युटियम, भोवती रक्तप्रवाह वाढलेला' असं लिहिलंय. कोशात 'पीतपिंड' सापडलं. म्हणजे पित्ताची गाठ का?"

नाही ताई, पित्ताचा इथे काही संबंध नाही; हा अंडाशयात तयार होणारा गोळा. पित्तातला 'पि' ऱ्हस्व आणि पुढे जोडाक्षर. इथे 'पी' दीर्घ आणि 'त' एकटा. पीतांबरातला पीत, म्हणजे पिवळा. लॅटिन नावाचा अर्थही 'पिवळा गोळा' असाच आहे. हा रंग कॅरोटिनच्या कुळातल्या रंगद्रव्यांमुळे येतो. त्यांतल्या एकाचं नाव ल्युटिन. दसऱ्याला दादरच्या फुलबाजारात झेंडूचे ढीग लागतात ना, त्या पाकळ्यांतही हेच ल्युटिन भरलेलं असतं. 'पिंड' म्हटलं की श्राद्ध आठवतं, हे खरं. पण मूळ अर्थ नुसता गोळा. 'पिंडी ते ब्रह्मांडी' म्हणताना आपण कुठे दचकतो? मला तरी हा शब्द नेमका वाटतो.

आता रक्तप्रवाहाचं. अंडाशयात स्त्रीबीज ज्या पुटिकेत वाढतं, तिच्या आतल्या पेशीथरात रक्तवाहिन्या नसतातच. पाळीच्या चक्राच्या साधारण मध्यावर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून ल्युटिनायझिंग हार्मोनची लाट येते. ल्युटिनायझिंग म्हणजे पिवळं करणारं, म्हणून मराठीत त्याला पीतपिंडकारी संप्रेरक म्हणतात. पुटिका फुटते, बीज बाहेर पडतं आणि मागे राहिलेल्या पेशींचा पीतपिंड बनतो. याच संप्रेरकाच्या प्रभावाखाली त्या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात आणि त्याच्या ओढीने भोवतालच्या केशवाहिन्या आत शिरतात. काही दिवसांत जवळजवळ प्रत्येक पेशीला केशवाहिनी खेटलेली असते. पेशींनी बनवलेलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक रक्तात पोचायचं तर एवढी दाट वाट लागणारच. 1998 साली संशोधकांनी उंदरांमध्ये व्हीईजीएफ अडवून पाहिलं, तर हे जाळं विणलं गेलं नाही आणि पीतपिंडाची वाढही खुंटली.

नव्या वाहिन्या तयार होण्याच्या या क्रियेला 'रक्तवाहिनीजनन' म्हणतात. मला तो शब्द जड वाटतो, आणि थोडा चुकीचाही. जुन्या वाहिनीच्या अंगाला कोंब येतो, तो लांबतो, त्याची नवी वाहिनी होते. भाताच्या रोपाला येतो त्याला आपण फुटवा म्हणतो. मग 'केशवाहिन्यांना फुटवा आला' असं का म्हणू नये? कोकणातून परळ-लालबागला आलेल्या घरांत तर हा शब्द समजावून सांगावाही लागणार नाही.

गर्भ राहिला नाही तर साधारण 14 दिवसांत हा गोळा ओसरतो, वाहिन्याही विरतात आणि उरतो तो पांढुरका व्रण, श्वेतपिंड. गर्भ राहिला तर एचसीजी हे त्याचं संप्रेरक पीतपिंडाला जगवतं. म्हणून डॉक्टरांकडे जाताना पाळीच्या कितव्या दिवशी सोनोग्राफी झाली, ते कागदावर लिहून न्या. चक्राच्या उत्तरार्धातली असेल, तर पीतपिंड आणि त्याभोवतीचा फुटवा दोन्ही दिसणं स्वाभाविक आहे.