त्या दिवशी मला हसू आलं

"मॅडम, माझा जिवलग मित्र गेला आणि त्याच्या अंत्यदर्शनाला मी मोठ्याने हसलो. मी माणूस म्हणून बरा आहे ना?"

चाळिशीतला माणूस. खुर्चीच्या कडेवर जेमतेम टेकलेला, फोन मांडीवर पालथा घातलेला. (त्याच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे.) दुःखात मदत मागायला येणाऱ्या माणसांकडून हा प्रश्न या ना त्या रूपात माझ्याकडे बरेचदा येतो. कुणी म्हणतं, तिची आठवण आली की रडूच येत नाही, हसूच येतं. कुणाला महिन्याभरात एका समारंभात नाचल्याचा पश्चात्ताप होतो. गेलेलं माणूस मुळातच हसरं, खोडकर असलं की हा पेच आणखी घट्ट बसतो. त्याची कुठलीही आठवण काढा, ती हसूच घेऊन येते. मग शोक करायचा तरी कसा?

हे शाळेपासूनचे पाच मित्र. गेलेला त्यातला सगळ्यात टवाळ. नकला करण्यात हातखंडा. एकदा त्याने उरलेल्या चौघांचे फोन मागून घेतले आणि प्रत्येकात आपल्या आवाजातली रिंगटोन भरून दिली. शाळेतल्या एका मास्तरांच्या नाकातल्या सुरात, "उचला! उचला तो फोन! घरी काही शिकवलंय की नाही?" बाकीच्यांनी ती आठवड्याभरात काढून टाकली. याने ठेवली.

मग एका रात्री झोपेतच तो गेला. हृदयविकाराचा झटका. सकाळी घर माणसांनी भरलेलं, कुणी कुणाशी बोलत नव्हतं, आणि याच्या खिशात फोन वाजला.

"मॅडम, दोन पावलांवर तो निजलेला. आणि खिशातून त्याचाच आवाज, उचला, उचला. मला फुटलंच हसू. आवरेना. वहिनींनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी तडक बाहेर पडलो."

त्याला पाच महिने झाले होते. तेव्हापासून फोन मूक. कामाचे फोन चुकत होते, साहेबांची बोलणी बसत होती, झोप उडाली होती. मित्राच्या घरी तो पुन्हा गेला नव्हता. कुठेतरी वाचून त्याने स्वतःचं निदानही करून टाकलं होतं: "मी अजून नकाराच्या टप्प्यात आहे, असं दिसतं."

हे टप्प्यांचं प्रकरण मला नेहमी थांबून सांगावं लागतं. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी 1969 मध्ये नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार असे पाच टप्पे मांडले, ते मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. पुढे ते मागे राहिलेल्यांच्या दुःखालाही लावले गेले आणि लोकांना ती पायऱ्यांची चढण वाटू लागली. प्रत्यक्षात दुःख असं रांगेने येत नाही. मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शूट या मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये मांडलेलं चित्र मला रोजच्या कामात जास्त खरं वाटतं. माणूस झोके घेतो. कधी गेलेल्याच्या आठवणीत बुडतो, कधी बिल भरतो, मुलांचा अभ्यास घेतो, हसतो. दोन्हीकडे जाणं-येणं सुरू असणं, हेच सावरणं. याचा झोका मात्र त्या खोलीच्या दारात अडकला होता.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी लगेच दिलं नाही. "बरेच आहात हो तुम्ही" असं म्हणणं सोपं होतं, पण ते त्याने ऐकलं नसतं. मी म्हटलं, "हसण्याचं नंतर पाहू. आधी तो कसा होता ते सांगा."

"देवमाणूस होता. कुणाला कधी दुखावलं नाही."

या वाक्यापाशी मी सावध होते. माणूस गेला की आपण त्याला धुऊन-पुसून कोनाड्यात बसवतो, आणि मग त्या मूर्तीसमोर आपल्याला मोकळं बसता येत नाही. मी विचारलं, "तुम्हालाही कधी दुखावलं नाही?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग हळूहळू निघालं. लहानपणी हा बोलताना अडखळायचा. मोठेपणी ते जवळजवळ गेलं होतं. एका बैठकीत, नव्या माणसांसमोर, मित्राने त्या अडखळण्याची हुबेहूब नक्कल केली. सगळे पोट धरून हसले. हा उठून गेला आणि दीड वर्ष बोलला नाही.

"मिटलं कसं?"

"मिटलं असं नाही. एका संध्याकाळी तो आला, माझ्या शेजारी बसला. तासभर काही बोलला नाही. तो आणि तासभर गप्प! मग म्हणाला, 'चल, येतो.' दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पहिल्यासारखं."

आणि मग, खाली बघत, "त्या दिवशी मी हसलो ना, तेव्हा वाटलं, मी त्याचा सूड तर उगवला नाही? तो मला हसला होता. मी त्याच्या मरणाला हसलो."

पाच महिने त्याच्या छातीवर बसलेलं ओझं हे होतं. "हसलो" एवढ्यावरच मी धीर दिला असता, तर ते तसंच राहिलं असतं. म्हणून वाचकांनाही सांगते: हसल्याचा अपराध टोचत असेल, तर त्याच्या खाली काही न मिटलेलं आहे का, तेही एकदा बघा. असेलच असं नाही.

हसण्याबद्दल मी त्याला जे सांगितलं ते असं. डॅचर केल्टनर आणि जॉर्ज बोनानो या मानसशास्त्रज्ञांनी 1997 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जोडीदार जाऊन साधारण सहा महिने झालेल्या माणसांना त्या नात्याबद्दल बोलतं केलं आणि त्यांचे चेहरे बारकाईने पाहिले. ज्यांना बोलता बोलता खरं हसू आलं, म्हणजे डोळ्यांभोवतीचे स्नायूही आक्रसतात तसलं, त्यांनी राग आणि त्रास कमी असल्याचं सांगितलं. तेव्हा गेलेल्याच्या आठवणीने हसू येणं म्हणजे प्रेम आटलं, असं मुळीच नाही. शिवाय त्या सकाळी तर त्याच्या कानांनी वर्षानुवर्षांच्या सवयीने दाद दिली होती. तो आवाज आला की हसायचं, हे अंगात मुरलेलं. मन अजून बातमी पचवत होतं.

"पण वहिनी?" त्याने विचारलं.

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते त्यांच्याकडेच होतं. तीन भेटी आम्ही फक्त तिथे जाण्याबद्दल बोललो. माफीचं भाषण पाठ करून जाऊ नका, एवढंच मी सुचवलं.

तो मित्राच्या घरी जाऊन आला. माझ्याकडे परत आला तेव्हा खुर्चीत पाठ टेकून बसला. वहिनी म्हणाल्या होत्या, "भावजी, तुम्ही हसलात त्याचं मला काही वाटलं नाही. तो आवाज ऐकून एक क्षण मलाही वाटलं, हे उठतील आणि म्हणतील, कसं फसवलं. तुम्ही नंतर एकदाही आला नाहीत, त्याचं मात्र वाटलं."

मग मुलगी बाहेर आली. तिने विचारलं, बाबा शाळेत कसे होते? याने नकलांचे किस्से सांगितले आणि ते भांडणही सांगितलं. सांगावं की नाही, असं मनात आलं होतं, पण सांगितलं. ती म्हणाली, "तासभर गप्प? बाबा? खोटं." आणि तिघंही हसले. हसता हसता वहिनी रडायला लागल्या, कुणी कुणाला थांबवलं नाही. निघताना तिने ती रिंगटोन मागून घेतली.

एक गोष्ट आवर्जून. अशा दुःखाला मुदत नसते, पण तीव्र ओढ आणि वेदना जवळजवळ रोज, सहा महिन्यांहून अधिक काळ, कामधाम ठप्प होईल इतकी टिकली, तर आयसीडी-11 या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात त्याला 'दीर्घकालीन शोकविकार' म्हटलं आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीत प्रौढांसाठी हाच काळ बारा महिन्यांचा धरला आहे. त्यावर उपचार आहेत. मरून जावंसं वाटत असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि मदत घ्या. मित्र गेल्यावर लोक घरच्यांचं सांत्वन करतात, मित्राला सहसा कुणी विचारत नाही. म्हणून ही माणसं आमच्यापर्यंत उशिरा पोहोचतात.

याच्या फोनला आता आवाज आहे. सगळ्यांसाठी साधी घंटी, आणि त्या तिघा मित्रांसाठी मास्तरांचा सूर. सुरुवातीला तिघांनाही ते सांगायचा याला धीर झाला नव्हता. मग एकाने आपणहून विचारलं, "तुझ्याकडे ती अजून आहे का रे?"

शेवटच्या भेटीत पुढची तारीख ठरवायची होती. तो म्हणाला, आता गरज वाटत नाही. मग दारापर्यंत जाऊन परत आला. "दोन महिन्यांनी त्याचा वाढदिवस आहे. त्या आठवड्यात एक वेळ धरून ठेवाल?"

धरून ठेवली आहे.